फळ्यावर तेरा ऑगस्ट

सकाळी साडेसातला कुलूप काढते,
आधी फळा पुसते, मग उंबरा.
रामबागेतल्या आमच्या वाचनालयाला
आता वाचक अकरा,
त्यातले चार नुसते पंख्याखाली बसायला येतात.
फळा मात्र सगळा रस्ता वाचतो.

दिनविशेष भाचा पाठवतो, फोनवर.
जगात कुणीतरी बसून दिवस वाटतं म्हणे :
डाळींना एक, चिमण्यांना एक, गाढवांनाही.
गाढवांच्या दिवशी कोपऱ्यावरचा गेंदालाल
पोह्यांवर शेव भुरभुरत ओरडला होता,
"बाईजी, आज तो अपने पार्षद का बर्थडे है!"
मी ऐकलं नाही असं केलं.
दुपारी पार्षदाचा माणूस वर्गणीच्या पावत्या घेऊन आला,
फळा वाचला,
आणि पुस्तक न फाडताच गेला.

आज तेरा ऑगस्ट.
१७९५ : अहिल्याबाईंची पुण्यतिथी.
(निगुडकर सर म्हणतील, तिथीनं म्हणा, तारखेनं नव्हे.
ते रोजच काहीतरी म्हणतात.)
१९६१ : बर्लिन शहरात रातोरात भिंत.
दुधाची पिशवी बोटाला अडकवून
कीर्तन्यांच्या सुनेनं ही ओळ दोनदा वाचली.
मागच्या बोळात दिरानं विटा रचल्यात, परवापासून.
"पुढं पडली ना हो ती?"
"पडली. अठ्ठावीस वर्षांनी."
ती हिशेब करत करत घरी गेली,
पिशवीतून दूध ठिबकत होतं.

तिसरी ओळ : जागतिक डावखुऱ्यांचा दिवस.
इथं खडू अडला.

दुसरीत होते.
माझ्याच वेणीची लाल रिबीन सोडून
बाईंनी माझाच हात बाकाला बांधला होता.
शनिवारी सोडायच्या, कवायतीपुरता.
आई म्हणाली, बरंच झालं,
उद्या सासरी पान कोणत्या हातानं वाढली असतीस?
सासर काही आलं नाही.
उजवा हात आला, चांगला वळणदार,
एकतीस वर्षं फळा लिहितोय.
डाव्याकडं राहिली सगळी मुकी कामं :
बादली, कडी, छत्री,
आईच्या शेवटी शेवटी
तिची मान खालून धरून ठेवणं.

रस्त्यावर कुणी नव्हतं.
कचऱ्याची गाडी आपलं गाणं लावून
छत्रीबागेच्या अंगाला कुठंतरी.
पुण्यतिथीला मी हात लावला नाही, ती उजव्याचीच राहू दे.
खाली वाकले.
हात बदलला.

"जा" नीट आला. "ग"चा कान जरा पळाला.
"डावखुऱ्यांचा"मधल्या त्या "ऱ्या"पाशी
हात जीभ बाहेर काढून थांबला,
आणि "दिवस"ला भलतीच वेलांटी गेली,
दीर्घ, लांबलचक,
इतक्या वर्षांची साठलेली.
पुसली नाही.

साडेनऊला निगुडकर सर आले.
गेली सतरा वर्षं ते माझ्या चुका
थुंकी लावलेल्या बोटानं पुसतात.
बोट ओलं झालं, "दीवस"पर्यंत गेलं,
तिथंच राहिलं.
"हे कुणी लिहिलं?"
"नवीन मुलगी ठेवलीय," मी म्हणाले. "लहान आहे अजून."
सर चष्मा कपाळावर नेऊन बराच वेळ बघत होते.
मग बोट शर्टाला पुसलं.
"असू दे. येईल हळूहळू.
खडू फार दाबते पण. सांगा तिला."

मग तिथीवरून वाद घातलाच,
पंचांग मागवलं, चहा मागवला,
पंख्याखालच्या चौघांनी बाजू घेतल्या.
मी रजिस्टर पुढं केलं, त्यांनी सही केली.
टेबलाखाली माझ्या डाव्या मुठीत
अर्धा खडू घामानं मऊ होत होता.

उद्याचं अजून भाच्यानं पाठवलेलं नाही.